कारितेचा डबा

किनेला मुलगी झाली गुरुवारी, ऑपरेशन करून. शनिवारी दुपारी तिची सासू नमाजासाठी वऱ्हांड्याच्या टोकाला गेली, तशी किनेनं माझं मनगट घट्ट पकडलं. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"ताई, डबा आण," ती पुटपुटली.

"कसला डबा?"

"सोंगं नको करूस. तीन दिवस झाले लावून. येत्या गुरुवारी बारसं आहे. हे असलं तोंड घेऊन बसू का सगळ्यांपुढं?"

मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून किनेच्या वेण्या मी घातल्या, शाळेची फी मी भरली, लग्नही मीच लावून दिलं. आणि ती एकोणीस वर्षांची असताना तिच्या अंगाला पहिल्यांदा मलम फासलं तेही मीच. तिनं काही मागितलं की मी नाही म्हणत नसे. त्या दिवशीही नाही म्हटलं नाही.

गेजावायच्या बाजारात माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक छत्री आणि मी. रंग उजळायला डाकारच्या बायका जे लावतात त्याला आम्ही खेसल म्हणतो, पण दुकानात तो शब्द कुणी काढत नाही. गिऱ्हाईक येतं, इकडंतिकडं बघतं आणि माझं नाव घेऊन म्हणतं, "जरा तेज येईल असं काहीतरी दे गं, सुकेना." मग मी तिच्या डोळ्यांदेखत डबा भरते. अंगाला लावायचं साधं क्रीम, चमचाभर गाजराचं तेल, अत्तराचे चार थेंब, आणि वरून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मलमाच्या नळ्या एकामागून एक पिळायच्या. खरं तर ती नळी इसबावर नखभर लावायची. आम्ही एका डब्यात आठ-दहा पिळतो आणि बायका ते टाचेपासून कपाळापर्यंत फासतात, सकाळ-संध्याकाळ. बाळंतीण असली तर विचारूच नका. बारशाच्या दिवशी तिनं तीनदा कपडे बदलायचे, केस रचायचे आणि खुर्चीवर उजळून बसायचं. आलेल्या बायका बाळाकडं नंतर बघतात, आधी आईचा रंग बघतात. म्हणून गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात डबे दुप्पट खपतात.

त्या नळीत काय असतं ते आमच्या ओळीत फक्त मला ठाऊक होतं, आणि त्याचा मला भारी तोरा होता. मी दोन वर्षं विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेली बाई. वडील गेले आणि ते सुटलं, पण स्टेरॉइडचा सांगाडा मी आजही डोळे मिटून काढीन. कार्बनचे तीन षटकोन आणि एक पंचकोन, भिंतीला भिंत लावून बसलेले, चार खोल्यांच्या घरासारखे. शरीर हे घर कोलेस्टेरॉलपासून बांधतं. मग एका कोपऱ्यावर ऑक्सिजन अडकवला, दुसरीकडची शेपटी छाटली, की त्याच घराचं कॉर्टिसोल होतं, नाहीतर बाईला बाईपण देणारं इस्ट्रोजेन होतं, नाहीतर पुरुषाला दाढी फुटवणारं टेस्टोस्टेरॉन. नळीतलं औषध म्हणजे या कॉर्टिसोलचंच भावंड. कारखान्यात त्याच्या अंगावर एक फ्लोरिन आणि एक क्लोरिन चढवतात, आणि ते मूळच्यापेक्षा शेकडो पटींनी जोरकस होतं. एवढं मला पाठ होतं. ते शरीरात शिरून काय काय करतं हा पुढच्या वर्षाचा धडा होता, आणि पुढचं वर्ष माझ्या नशिबात आलं नाही.

माझं तोंड हीच माझ्या दुकानाची पाटी. अकरा वर्षं मीही लावते. मध्ये एकदा सोडून बघितलं होतं. चौथ्या दिवशी गालांवर मिरची चोळल्यासारखी आग सुटली, पापण्या सुजल्या, गिऱ्हाईकं म्हणायला लागली, "हिच्याकडून काय घ्यायचं?" मी मुकाट्यानं डबा उघडला. पुन्हा सोडायचं नाव घेतलं नाही.

किनेची अडचण माझ्याहून वाईट होती. तिच्या सासरी कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. तिचा नवरा बिरान बंदरावर पाळीनं काम करतो. त्याची पहिली बायको खेसल लावते हे कळल्यावर त्याच्या आईनं, दाबाआईंनी, तिला आठवड्याच्या आत माहेरी पाठवलं होतं. "इस्त्री करताना तिच्या कपड्यांना कुजल्या माशाचा वास येतो," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं. मग किनेचं स्थळ गेलं तेव्हा मी छातीठोकपणे म्हणाले, "आमच्या किनेचा रंग जन्माचा आहे, आईवर गेलीय." खोटं बोलले, आणि तीन वर्षं ते खोटं किनेनं न्हाणीघराची कडी लावून सांभाळलं. आता इस्पितळात दाबाआई तिच्या खाटेखाली चटई टाकून मुक्कामाला होत्या. एवढ्याशा खाटेवर, सहा बायकांच्या खोलीत, सासूच्या नजरेखाली डबा उघडायचा कुठं?

"संडासात जाते की मी दोनदा," किने म्हणाली. "तेवढ्यात लावीन. आणशील ना?"

"आणते."

तिची पोर तिच्या छातीला तोंड लावून झोपली होती. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. याच कातडीवर मी डबा फासायला देणार होते. घरी आले तरी ते तोंड डोळ्यांपुढून हलेना.

मग माझ्या डोक्यात ती अक्कल आली. म्हटलं, तीन दिवस अनायासे सुटलंय. आणखी पाच दिवस सुटलं तर कायमचं सुटेल. बारशाला थोडी सुजलेली, काळवंडलेली दिसेल, बाळंतपणावर खपून जाईल. तिला मात्र पटणार नाही. म्हणून सांगायचंच नाही. मी रिकाम्या डब्यात कारितेच्या बियांचं लोणी भरलं, आमच्याकडे तान्ह्या पोरांना चोळतात ते. वरून तेच अत्तर, तेच गाजराचं तेल. जे स्वतःच्या तोंडावर पुन्हा करायची माझी छाती झाली नव्हती ते मी बहिणीच्या अंगावर करून बघायला निघाले, आणि मला मोठं पुण्याचं काम केल्यासारखं वाटत होतं.

रविवारी किनेनं डबा उशीखालून हुंगला.

"वास तोच आहे. जरा तेलकट लागतंय पण."

"तेल नवीन आहे."

"ताई, तू आहेस म्हणून," ती म्हणाली, आणि टाक्यांवर हात धरून संडासाकडं गेली.

सोमवारी तिची नणंद उलिमाता माशांच्या भाताचा मोठा टोप घेऊन आली. उलिमाताचा आवाज असा की शेजारच्या खोलीतली पोरं उठावीत. तिनं भाताचा घास किनेपुढं धरला, किनेनं तोंड फिरवलं.

"अगं खा की! माझ्या भावाच्या पोरीला काय हवा पाजणार आहेस?"

"मळमळतंय, उलिमाता."

"हिला सगळंच नाजूक. रंग नाजूक, पोट नाजूक. आम्ही बाई देवानं दिलं तेवढ्यावर भागवतो." ती खोलीभर हसली आणि टोप बाकीच्या बायकांपुढं सरकवला.

"बाळंतिणीला होतंच असं," दाबाआई म्हणाल्या. त्यांनी किनेच्या कपाळावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला.

संध्याकाळपर्यंत किनेला तीनदा उलटी झाली. मी मनात म्हटलं, अंगातलं विष निघतंय. इतकी मी मूर्ख.

मंगळवारी सकाळी मी पोचले तेव्हा तिच्या खाटेभोवती गर्दी होती. किने राखेसारखी पडली होती. डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे. दोन हातांना दोन सलाईनच्या नळ्या. पोरीला उलिमातानं उराशी धरलं होतं.

खाटेशी डॉक्टर साम्बू उभ्या होत्या. दक्षिणेकडची बाई, चाळिशीची, केस बारीक कापलेले. ऑपरेशनच्या आधी याच बाईनं किनेच्या बोटांची पेरं निरखून विचारलं होतं, "अंगाला काही लावता का?" पेरं काळी आणि हात गोरे, हे ज्याला कळतं त्याला कळतं. किने म्हणाली होती, "छे! जन्माचा रंग आहे माझा." कागदावर तसंच लिहिलं गेलं. मी शेजारी उभी होते. मीही मान हलवली होती.

"रक्तदाब साठावर आलाय," डॉक्टर साम्बू म्हणाल्या. "सलाईन ओततोय तरी चढत नाही. साखर घसरलीय, ताप आहे, पोट दुखतंय. सर्जनना वाटतंय, आत रक्त साचलंय किंवा पू झालाय. ते पुन्हा पोट उघडणार आहेत. खोली तयार करतायत."

"मग उघडा! थांबलात कशाला?" उलिमाता म्हणाली.

"थांबले, कारण मला दुसरी एक शंका आहे. ती खरी असेल आणि आपण हिला तशीच टेबलावर घेतली, तर ही टेबलावरून उठणार नाही. आणि ती खोटी असेल, आत खरंच रक्त वाहत असेल आणि मी दुसरंच काही देत बसले, तरी ही जाणार." त्यांनी एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. "म्हणून शेवटचं विचारते. ही खेसल लावते का?"

"अहो डॉक्टरबाई!" उलिमाता उसळली. "आमच्या घरात ती घाण चालत नाही. एकीला त्याच्यापायी घालवलंय आम्ही. विचारा आईला!"

दाबाआईंच्या हातातली जपमाळ थांबली होती.

मी किनेकडं बघितलं. तिनं ऐकलं होतं. तिची मान हलत नव्हती, पण बुबुळं माझ्यावर आली आणि इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरली. नको, ताई. नको सांगूस. मला सगळं समजत होतं. सांगितलं तर तिचा संसार गेला, तिची पोर त्या घरात राहणार आणि ती माझ्या एका खोलीत. नाही सांगितलं तर ती आत्ताच गेली. मला लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणीसुद्धा मी मनात हिशेब करत होते की डॉक्टरांना आपोआप समजेल, कुणीतरी दुसरं बोलेल, सर्जनच बरोबर निघतील.

बाहेरून ढकलगाडीची चाकं वाजली.

"लावते," मी म्हणाले. "सहा वर्षं. सगळ्या अंगाला, दिवसातून दोनदा. शेवटचा महिना दुप्पट. मीच बनवून देते."

उलिमाताच्या तोंडातून नुसता श्वास बाहेर आला. मग ती म्हणाली, "बघितलंस, आई? बघितलंस? आईवर गेलीय म्हणे!"

डॉक्टर साम्बूंनी तिच्याकडं लक्षही दिलं नाही. त्या किनेवर वाकल्या. "किने, शेवटचं कधी लावलंत? ऑपरेशनच्या दिवशी?"

किनेचे डोळे भरले. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती बिचारी खरं तेच बोलली. "काल... कालपण लावलं. डबा... उशीखाली."

डॉक्टर ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची शंका विझलेली मला दिसली. "रोज चालू होतं म्हणता? मग ते नव्हे. रोज मिळत असेल तर शरीराला तुटवडा पडायचं कारण नाही." त्या ढकलगाडीवाल्याकडं वळल्या. "घ्या हिला. सर्जनना सांगा, येतोय."

एक सांगितलं होतं, ते फुकट गेलं होतं, आणि आता दुसरं सांगावं लागणार होतं. पहिलं सासूपुढं होतं. दुसरं किनेपुढं.

"थांबा!" मी ओरडले. "डब्यात ते नाहीये."

"काय नाहीये?"

"मलम नाहीये. कारिते आहे. नुसतं लोणी. तिला सवय सुटावी म्हणून मी... ती लावत होती ते काहीच नव्हतं. गुरुवारपासून तिच्या अंगात काही गेलेलं नाही."

डॉक्टरांनी उशीखाली हात घातला, डबा उघडला, बोट बुडवून दोन बोटांत चोळलं, हुंगलं. मग सरळ कागद ओढला आणि चिठ्ठी खरडली. "पळा. फाटकाशेजारचं औषधांचं दुकान. इंजेक्शन. चार आणा. गाडी बाजूला घ्या रे!"

निघताना मी किनेकडं बघितलं. बघायला नको होतं. तिच्या डोळ्यांत राग असता तर सोसला असता. ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी आपण रस्त्यात हाक मारणाऱ्या अनोळखी बाईकडं बघतो.

मी वहाणा हातात घेऊन पळाले. दुकानदारानं खोका पुढं केला आणि त्यावरचं नाव मी वाचलं: हायड्रोकॉर्टिसोन. जे किनेच्या अंगात मी सहा वर्षं ओतलं त्याचंच सख्खं, साधं रूप. तेच चार खोल्यांचं घर. तेच तिला जगवणार होतं. मला तिथं गल्ल्यापाशी हसू फुटलं आणि लगेच रडू. दुकानदार म्हणाला, "बाई, आधी जा."

इंजेक्शन नळीतून गेलं. साखरेचं पाणी गेलं. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. अर्ध्या तासानं रक्तदाब सत्तर, मग ऐंशी. दुपारच्या बांगेच्या सुमारास किनेनं डोळे पूर्ण उघडले आणि मुलीला मागितलं. पोटात असताना मलम तिलाही पोचलं असेल म्हणून नर्सनं पोरीच्या टाचेतूनही थेंबभर रक्त घेतलं, तिची साखर ठीक निघाली.

डॉक्टर साम्बूंनी मला बाकावर बसवलं. "शिकलेल्या दिसता," त्या म्हणाल्या.

"दोन वर्षं. रचना येते. पुढचं नाही."

"मग पुढचं ऐका. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात. कॉर्टिसोल तिथं तयार होतं. ते स्निग्ध असतं, म्हणून पेशीच्या भिंतीतून सहज आत शिरतं, थेट गाभ्यापर्यंत जातं आणि काय बनवायचं, काय थांबवायचं ते हुकूम सोडतं. साखर, रक्तदाब, मीठपाणी, दुखणं सोसायची ताकद, सगळं त्याच्यावर. तुमचं मलम बाहेरून येतं, पण मेंदूला बाहेरचं-घरचं कळत नाही. त्याला दिसतं, माल भरपूर आहे. तो ग्रंथींना सांगतो, काम बंद. सहा वर्षं बंद पडलेल्या ग्रंथी सुकून जातात. आणि ऑपरेशनला तर नेहमीच्या कित्येक पट लागतं. नेमकं त्याच दिवसापासून बाहेरचंही तुटलं."

"म्हणजे लावलं तरी मरण, सोडलं तरी मरण."

"एकदम सोडलं तर. आता हिला गोळी द्यायची, रोज सकाळी आठला. हळूहळू, महिन्यामहिन्यानं कमी करायची. वर्ष लागेल, कदाचित जास्त. एक दिवसही चुकायचं नाही." त्यांनी माझ्या बोटांच्या पेरांकडं बघितलं. "तुम्हीसुद्धा उद्या उठून फेकून देऊ नका. आणि ज्यांना ज्यांना विकलंय त्यांना सांगा."

वऱ्हांड्याच्या टोकाला दाबाआई उभ्या होत्या. त्यांनी मला बोटानं बोलावलं. मी गेले, शिव्या खायच्या तयारीनं.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

मला ऐकू आलं ते समजेना.

"लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कळलं. तिच्या चादरी मीच वाळत घालते. वास काय लपतो? पहिलीला मी घालवली, आणि सहा महिन्यांत कळलं की माझा पोरगा माझ्याशी धड बोलत नाही. म्हटलं, दुसरी आलीय, आता नाक बंद ठेवायचं. तीन वर्षं ठेवलं. तिला न्हाणीत वेळ मिळावा म्हणून मी रोज शेजारणीकडं जाऊन बसायचे."

"मग आज का बोलला नाहीत? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"तू का नाही बोललीस गुरुवारी? पहिल्यांदा विचारलं तेव्हा?"

दोघीजणी तिथं उभ्या होतो, तोंडावर ओढण्या ओढून.

"कुणी बोललं नव्हतं तोवर मला काही करावं लागत नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "आता उलिमातानं सगळ्या चुलत्या-मावश्यांना फोन केले असतील. विचारतील, एकीला हाकललंस, हिला का ठेवतेस? मी ठेवणार आहे. काय उत्तर द्यायचं ते माझं मी बघेन. पण सुकेना, तू माझ्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाहीस. बारशालाही नाही. कुणावर तरी मला दार बंद करावं लागेल, नाहीतर लोक गप्प बसणार नाहीत."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार होते?

बुधवारी मी दुकान उघडलं. पहिलीच आलेली बाई जुनी, सात वर्षांपासूनची गिऱ्हाईक. तिला मी खाली बसवून सगळं सांगितलं: ग्रंथी, गोळी, एकदम सोडू नकोस, डॉक्टरकडं जा आणि खरं सांग. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सोडू नको म्हणतेस ना? मग दे की डबा." मी दिला नाही. ती तीन टेबलं सोडून पुढच्या छत्रीखाली गेली. संध्याकाळपर्यंत अकराजणींना सांगितलं. दोघी माझ्या अंगावर खेकसल्या, एकजण रडली, बाकीच्या तिकडंच गेल्या. आणि माझ्या पिशवीत माझा स्वतःचा डबा होता. तो मी सकाळी लावला होता, आणि उद्याही लावावा लागणार होता.

गुरुवार, बारशाचा दिवस. पोरीला सजवून घरी नेली. मेंढा कापायचा होता, इमाम नाव सांगणार होते. आईला इस्पितळातून सोडलं नव्हतं, पण आठवा दिवस काही कुणासाठी थांबत नाही. दाबाआई घरी, उलिमाता घरी, बिरान घरी. तो आदल्या दिवशी येऊन गेला होता. खाटेच्या पायथ्याशी थोडा वेळ उभा राहिला, चिठ्ठी उचलली आणि गोळ्या आणून ठेवल्या. किनेजवळ राहायला कुणी उरलं नव्हतं, आणि मला बारशाचं बोलावणं नव्हतं. म्हणून मी सकाळी सातलाच जाऊन बसले.

तिचं तोंड आता पेटलं होतं. गाल लाल, सोलपटलेले, पापण्या जाड. ती छताकडं बघत होती. खिडकीतून कुणाच्या तरी घरचं सकाळचं रेडिओवरचं गाणं येत होतं.

"दुखतंय का फार?"

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली.

"किने, पोरगी गोड दिसत होती. मी फाटकापाशी बघितली गाडीत. पांढरा झगा घातलाय."

तिनं भिंतीकडं कूस केली. टाके ओढले गेले असणार, कारण तिचा श्वास अडकला. मी हात पुढं केला, तो तिनं खांद्यानं झटकला.

आठाला पाच कमी असताना मी पेला भरला. पाकिटातून एक गोळी तळहातावर काढली. पांढरी, मधोमध रेघ असलेली, एवढीशी.

"उठ. वेळ झाली."

ती कोपरावर उठली. माझ्या तळहाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. सहा वर्षं मी तिला डबे देत आले. तिनं झाकण उघडलं, बोटं बुडवली, तोंडाला फासलं. आत काय घालतेस, हे एकदाही विचारलं नव्हतं. ताईनं दिलंय, बस्स.

"यात काय आहे?" किनेनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, काही न लपवता. नळीत काय होतं, डब्यात काय होतं, लोण्यात काय नव्हतं, आणि या गोळीत काय आहे. मेंदू काय समजतो, ग्रंथी का सुकल्या, ही कशाला घ्यायची. पाकिटावरचं नाव तिला दाखवलं, एकेक अक्षर बोटानं दाखवलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसून ऐकत होती.

किनेनं सगळं ऐकून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून चार मिनिटं झाली.

"नर्सला बोलव," ती म्हणाली. "तिच्या हातनं घेईन."

मी गोळी पाकिटाशेजारी ठेवली आणि नर्सला बोलवायला पळत गेले.